पातेली दोन, माठ एक



आंतरजातीय लग्न झाले की आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पडतो. जोडप्याचा फोटो, मागे बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, खाली ओळ : जातिअंताच्या दिशेने एक पाऊल. दोन दिवसांनी ग्रुप दुसऱ्या विषयाकडे वळतो. त्या घरात पुढे रोज काय शिजते, कोण शिजवते, कोणाकडचे नातेवाईक येऊन जेवतात आणि कोण ‘जरा घाई आहे’ म्हणून उंबऱ्यातूनच परत फिरतात, यावर कोणी लिहीत नाही. लग्नाच्या नोंदणीला अर्धा तास लागतो. जेवण दिवसातून दोनदा असते. जात मोडली की नुसती झाकली गेली, याचा पत्ता त्या दोन वेळच्या जेवणावर लागतो, असे माझे मत आहे. या लेखात मी तेच मांडणार आहे. निमित्त आहे आमच्या घरी झालेल्या पहिल्या भीमजयंतीच्या जेवणाचे.

मी वसमतच्या बौद्ध वस्तीत वाढले. माझा जोडीदार याच तालुक्यातल्या एका मराठा शेतकरी घरातला. घरी हळद आणि सोयाबीन. आम्ही 1954 च्या विशेष विवाह कायद्याने लग्न केले. या कायद्यात 30 दिवसांची नोटीस लागते. दोघांची नावे, पत्ते सरकारी फलकावर लागतात आणि ज्याला बघायचे त्याला बघता येतात. बघणाऱ्यांनी बघितले. त्याच्या वडिलांनी आठ महिने त्याच्याशी बोलणे टाकले होते. आमच्या लग्नात अंगाला हळद लागली नाही, याचीही गावात चर्चा झाली. साहजिक आहे. ज्या वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, जिथे मार्च-एप्रिलमध्ये मोंढ्यात पाऊल टाकले की नाकातोंडात हळदच जाते, तिथे हळदीशिवाय लग्न म्हणजे काय ते लग्न!

आम्ही गावात दोन खोल्या भाड्याने घेतल्या. घर शोधताना एक प्रश्न ठरलेला असायचा : ‘नॉनव्हेज करता का?’ विचारणाऱ्यांपैकी निम्मे स्वतः रविवारी मटणाच्या रांगेत उभे असतात. म्हणजे प्रश्न मटणाचा नव्हता. आडनाव विचारायची लाज वाटते म्हणून मटण विचारतात.

आठ महिन्यांनी बोलणे सुरू झाले. मग आम्ही ठरवले की 14 एप्रिल 2025 ला संध्याकाळी दोन्ही घरांना जेवायला बोलवायचे. माझे आईबाबा, भाऊ, मावशी, त्याचे आईवडील, काका-काकू, बहीण, दाजी, शेजारची एक ताई, आम्ही दोघे. तेरा माणसे. दोन खोल्या. आणि एक प्रश्न : जेवायला काय करायचे?

पहिला सल्ला नणंदेकडून आला. ती मनाने चांगली आहे, लग्नात आमच्या बाजूने उभी राहिलेली एकटी तीच. फोनवर म्हणाली, “वहिनी, सगळ्यांला चालंल असं करा काहीतरी. पुरी-भाजी, मसालेभात, श्रीखंड. मटणाचं पुन्हा बघू. अन् त्या दिवशी सोमवार बी हाय.”

दुसरा सल्ला माझ्या आईचा. मला वाटले होते आई जयंतीच्या दिवशी मटणासाठी अडून बसेल. झाले उलटेच. “बाई, त्यांच्यासारखंच कर सगळं. आपलं त्या दिवशी काही काढू नको. त्यांनी नाव ठेवायला कशाला जागा द्यायची?”

एक सल्ला सवर्ण घरातून, एक आपल्या घरातून. दोन्हींचा अर्थ एकच. आपले ताट बाजूला ठेवा.

‘सगळ्यांना चालेल असं’ या शब्दांकडे नीट बघा. पुरी-भाजी माझ्या आईला चालते. शेजारच्या ताईला चालते. आम्हाला त्यांचे सगळेच चालते, कारण पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडचेच आणून खायला लावले गेले. म्हणजे ‘चालणे’ ही अट आमच्यासाठी नाहीच. ती फक्त एका बाजूसाठी आहे. ज्याला नकार देण्याचा अधिकार आहे, त्याच्या नकारावरून सगळ्यांचे जेवण ठरते, आणि त्याला नाव दिले जाते ‘सगळ्यांचे’. सरकारी कार्यक्रम असो, कॉलेजचे स्नेहसंमेलन असो की मिश्र जोडप्याचे घर, मधला मार्ग म्हणून जे ताट पुढे येते ते मधले नसतेच. ते एका बाजूचेच असते.

आता कोणी म्हणेल, ताई, एका जेवणाचा एवढा बाऊ कशाला? बाऊ यासाठी की आपल्या भागात भाकरीला नेहमी दिशा राहिली आहे. येसकर संध्याकाळी घोंगडी खांद्यावर टाकून, काठी घेऊन गावात फिरायचा. रात्रंदिवस गावाची राखण, सांगावे, ओझी, मेलेले ढोर ओढणे, या सगळ्याचा मोबदला म्हणून दारोदार भाकरीचे तुकडे मागायचा. भाकरी वरून टाकली जायची. माझ्या आजीने हे डोळ्यांनी पाहिलेले होते. ती सांगायची, कोणाच्या घरची भाकरी कोणती ते तुकड्यावरून ओळखू यायचे, एवढी रोजची सवय. पण तिच्या चुलीवरची भाकरी गावात कोणाच्या घरी गेली, असे तिने एकदाही सांगितले नाही. भाकरी नेहमी त्यांच्याकडून आपल्याकडे आली, शिळी होऊन. आपल्याकडून त्यांच्याकडे, ताजी, कधीच गेली नाही.

म्हणून ज्यांनी ही दिशा उलटवली त्यांची आठवण मला महत्त्वाची वाटते. जोतीराव फुल्यांनी 1868 मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. ते मोठे काम होते. पण शाहू महाराजांनी कोल्हापुरात केले ते मला आणखी पुढचे वाटते. पाण्याला शिवल्याबद्दल मार खाल्लेल्या गंगाराम कांबळेंना त्यांनी चहाचे हॉटेल काढायला सांगितले. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथे चहा घ्यायचे आणि बरोबरच्या उच्चवर्णीयांनाही घ्यायला लावायचे. राजा आपल्या वाड्यावर अस्पृश्यांना जेवू घालतो, यात राजाचा मोठेपणा राहतो आणि अस्पृश्याचे खालचेपणही राहते. राजा अस्पृश्याच्या हातचे पितो, तेव्हा दिशा बदलते.

सहभोजनाचा इतिहासही याच कसोटीवर तपासला पाहिजे. 1920-30 च्या काळात महाराष्ट्रात सहभोजनांची लाट आली होती. बाबासाहेबांच्या समाज समता संघानेही सहभोजने घडवली. अनंत हरी गद्र्यांनी झुणका-भाकरीचा सत्यनारायण घातला. त्या माणसाची तळमळ खरी होती. पण प्रसाद बदलला, सत्यनारायण राहिलाच. बाबासाहेबांनी 1936 मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि मंडळाने होऊ न दिलेल्या भाषणात हाच मुद्दा आहे. कितीतरी जातींमध्ये आपसात रोटीव्यवहार आहे, तरी जात गेलेली नाही. खरा उपाय आंतरजातीय विवाह. आणि तोही लोक करत नाहीत, कारण जातीला धर्मग्रंथांचा आधार आहे अशी त्यांची श्रद्धा असते. म्हणून घाव त्या श्रद्धेवर घातला पाहिजे. त्याआधी वीस वर्षे, 1916 च्या न्यूयॉर्कमधल्या निबंधात त्यांनी जातीचे यंत्र कशावर चालते ते दाखवून दिले होते : जातीतच लग्न.

म्हणजे आपण आंतरजातीय लग्न केले की काम झाले? मला इथेच आपल्या तरुण मित्रांना सावध करायचे आहे. जात फार चिवट आहे. ती आंतरजातीय लग्नही पचवू शकते. कशी? सून घरात घ्यायची आणि तिचे स्वयंपाकघर बाहेर ठेवायचे. तिने सासरची पुरणपोळी शिकायची, सासरचे कुळाचार शिकायचे, माहेरच्या चवी विसरायच्या, चार माणसांत माहेरच्या वस्तीचे नाव घ्यायचे नाही. दहा वर्षांनी त्या घराकडे बघा. लग्न आंतरजातीय, स्वयंपाकघर मात्र एकजातीय. मुलांना आजोळ कुठे हे सांगता येत नाही. असे लग्न जातीला काहीच धक्का लावत नाही. एक मुलगी तेवढी एका जातीतून उचलून दुसरीत ठेवली जाते.

आकडे काय सांगतात तेही बघू. 2011-12 च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात लोकांना थेट विचारले होते की तुमच्या घरात अस्पृश्यता पाळतात का. नाही म्हणणाऱ्यांना पुढचा प्रश्न होता : अनुसूचित जातीची व्यक्ती तुमच्या स्वयंपाकघरात आली, तुमची भांडी वापरली तर चालेल का? दोन्ही उत्तरे मिळून देशातली सुमारे 27 टक्के कुटुंबे अस्पृश्यता पाळत असल्याचे निघाले. आणि हे तोंडाने कबूल करणारे. त्याच सर्वेक्षणात आंतरजातीय लग्नांचे प्रमाण सुमारे 5 टक्के होते. संशोधकांनाही अस्पृश्यता शोधायला स्वयंपाकघरातच जावे लागले, ही गोष्ट लक्षात ठेवा. संविधानाच्या कलम 17 ने अस्पृश्यता नष्ट केली. चुलीपाशी ती अजून दबा धरून बसली आहे.

आता आपल्या बाजूचे बोलू. ‘आपले जेवण’ म्हणजे काय, हा प्रश्न माझ्या आईने मला विचारलाच होता. “आपलं म्हणजे काय गं? चान्या वाढणार का त्यांला?”

प्रश्न खोचक आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. मोठ्याच्या मांसाच्या वाळवलेल्या पट्ट्या, म्हणजे चान्या, माझ्या आजीच्या घरी दोरीवर वाळत असत. मागच्या पिढ्यांत ते मेलेल्या जनावराचे असे. बाबासाहेबांनी मार्च 1927 मध्ये महाडला लोकांना सांगितले, मेलेल्या ढोराचे मांस सोडा, उष्टे-शिळे मागणे सोडा. त्याच परिषदेनंतर लोक चवदार तळ्याचे पाणी प्याले, आणि ते जेवत असताना त्यांच्यावर हल्ला झाला, अन्न मातीत मिसळले गेले. आपल्या चळवळीच्या पहिल्या मोठ्या लढ्यात पाणी होते आणि अन्नही होते. तो संदेश पुढे गावोगाव पोचला, निजामाच्या मराठवाड्यातही पोचला, आणि आपल्या आज्या-पणज्यांनी उपाशी राहून तो पाळला. तेव्हा खाणे सोडणे हीसुद्धा आपली परंपरा आहे, आणि अभिमानाची आहे. गरिबीने, सक्तीने जे खावे लागले त्याला संस्कृती म्हणून मिरवायची मला गरज वाटत नाही.

पण सोडायचे काय आणि लपवायचे काय, यातला फरक कळला पाहिजे. बाबासाहेबांनी लाचारी सोडायला सांगितली. आपल्या हातची चव सोडायला सांगितली नाही. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक 2015 मध्ये आले, तेव्हा मराठवाड्यातल्या महार-मांग घरांतले पदार्थ पहिल्यांदा इतक्या तपशिलाने छापले गेले. 2024 मध्ये ते इंग्रजीतही आले. सणाच्या पुरवण्यांमध्ये आणि पाककृतींच्या जाड पुस्तकांत जे कधीच नव्हते, ते आले. त्यातले कितीतरी पदार्थ आज कायद्यानेही ताटाबाहेर गेले आहेत. 2015 पासून महाराष्ट्रात गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हणजे आमच्या ताटात काय असावे हे आधी गावाने ठरवले, मग सरकारने. निदान माझ्या घरात तरी ते मी ठरवीन.

मी ठरवले की आजीचा येसूर घातलेला मटणाचा रस्सा करायचा. येसूर म्हणजे धान्य, डाळी आणि मसाले भाजून केलेले पीठ. ते घातले की रस्सा दाट होतो आणि अर्ध्या किलो मटणात दहा माणसे जेवून उठतात. गरिबीने शोधलेली ही युक्ती आहे, पण लाचारी नाही. ती आमच्या बायकांची अक्कल आहे. मटणाबरोबर ज्वारीची भाकरी. आणि त्यांच्याकडची पुरणपोळी आणि येळवणीची आमटी. अंबाडीची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी, ही तर दोन्ही घरांत सारखीच.

इथे एक मजेदार गोष्ट कळली. माझ्या सासूबाईंना मी मामी म्हणते. मामी आदल्या दिवशी गूळ, हरभऱ्याची डाळ आणि घरच्या हळदीची पिशवी घेऊन आल्या. मी आईकडून आणलेल्या येसुराचा डबा उघडला तर त्यांनी चिमूट हातावर घेऊन वास घेतला. “आमच्यात बी अस्साच करत्यात. जरा धने कमी हायत तुझ्या मायच्यात.” दोन वस्त्या, मध्ये एक ओढा, कित्येक पिढ्या एकमेकींच्या चुलीपाशी न गेलेल्या बायका, आणि मसाला तोच. जात मसाल्यात नव्हती. एकाच मातीत तीच ज्वारी, तीच हळद पिकते. हळद खणायला आणि शिजवायला आमच्याच लोकांचे हात असतात. त्या हातांनी शिजवलेली हळद सगळ्या गावाला चालते. त्याच हातांनी शिजवलेली भाजी चालत नाही. यात शुद्ध-अशुद्धाचे तर्कशास्त्र शोधायला जाऊ नका, ते तिथे नाही.

स्वयंपाक कोणी केला, हेही सांगते. कारण ‘दोन संस्कृतींचा संगम’ म्हणतात तेव्हा त्या संगमात हात भाजून घेते ती सून. तिने दोन्हीकडचे शिकायचे, जावयाने फक्त कौतुक करायचे. आमच्याकडे ठरले होते की तो माझ्या आईकडून रस्सा शिकेल. जयंतीच्या आधीचे तीन रविवार तो आमच्या वस्तीत आईच्या चुलीपाशी बसला. वस्तीतली पोरे बघायला यायची, मराठ्याचा जावई कांदा चिरतोय म्हणून. आई आधी संकोचली, नंतर मोठ्याने रागवू लागली, मीठ जास्त पडले म्हणून. जावयाला रागवता येणे हे आमच्या आईच्या आयुष्यात नवे होते. त्या दिवशीचे मटण त्याने केले. पोळ्या मामींनी आणि मी केल्या.

आपल्यातल्या एका कार्यकर्त्या मित्राने वेगळा आक्षेप घेतला. म्हणाला, जयंतीला मटण कशाला, आपण बौद्ध, पंचशील पाळतो. प्राण्यांविषयीच्या करुणेने कोणी मांसाहार सोडत असेल तर त्याच्यापुढे मी हात जोडते. पण बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे, अहिंसेचा आंधळा नियम बनवलेला नाही. तथागतांनी शेवटचे भोजन घेतले ते चुंद या लोहाराच्या घरी. त्या भोजनात नेमके काय होते यावर अभ्यासकांचा वाद आहे. ते लोहाराच्या घरचे होते यावर वाद नाही. आणि त्या भोजनानंतर आजार बळावला तरी चुंदाला कोणी दोष देऊ नये, असे त्यांनी आनंदाला सांगितले. जेवू घालणाऱ्याचा मान राखणे हा धम्म आहे. शाकाहार म्हणजे श्रेष्ठ आणि मांसाहार म्हणजे हीन, ही उतरंड धम्मातली नाही. ती आपण बावीस प्रतिज्ञा घेऊन ज्या घरातून बाहेर पडलो त्या घरातली आहे.

आपल्या घरातली उतरंडही दिसली. शेजारची ताई मातंग समाजाची. तिला जेवायला सांगितल्याचे कळल्यावर मावशी कुजबुजली, “तिला कशाला? घरचंच जेवण हाय ना?” मराठा विहिणीच्या स्वागताला नवी साडी नेसून आलेली मावशी! बाबासाहेबांनी याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. प्रत्येकाला वरच्याशी बरोबरी हवी असते आणि खाली कोणीतरी हवे असते. मी मावशीला म्हटले, ती येणार नसेल तर मामींनाही मी कोणत्या तोंडाने बोलावू? ताई दुपारीच आली आणि पुरण वाटायला बसली. बौद्ध-मातंग लग्नाला आपल्या वस्त्यांमध्ये आजही किती विरोध होतो, हे आपण सगळे जाणतो. मराठ्यांच्या नावाने बोट दाखवायचे आणि या प्रश्नावर गप्प बसायचे, हे चालणार नाही.

जेवणाआधी आमच्या दोघांत एक तत्त्व ठरले होते. ज्याला जे खायचे नाही ते त्याने खाऊ नये. कोणाला आग्रह नाही, कोणाची परीक्षा नाही. सोमवार पाळणाऱ्याने पाळावा. औंढा नागनाथ जवळ असलेल्या भागात सोमवार पाळणारे घरोघरी आहेत. म्हणून पोळी-आमटीची पातेली वेगळी, मटणाचे वेगळे, पळ्याही वेगळ्या. पण कोणाच्या न खाण्यासाठी दुसऱ्याचे ताट लपवायचे नाही. चूल एक, पंगत एक, वाढणारी माझी आई. आणि पाण्याचा माठ एक.

मला पुढे कळले की खरी कसोटी त्या माठाचीच होती.

मामा, म्हणजे सासरे, पंगतीला बसले. आई मटण घेऊन आली तेव्हा ताटावर हात आडवा धरून म्हणाले, “आज सोमवार हाय, इनबाई. पोळी वाढा.” आईने पोळी वाढली, आमटी वाढली. त्यांनी तीन पोळ्या खाल्ल्या. मग स्वतः उठून माठातले दोन तांबे पाणी प्याले. एप्रिलचा उकाडा होता.

काकांनी मात्र येतानाच सीलबंद पाण्याच्या बाटल्यांचा खोका आणला होता. ‘उन्हाळ्याचं पाणी बाधतं.’ पोट ठीक नाही म्हणून त्यांनी ताटात फक्त मीठ आणि लिंबाची फोड घेतली. माठाकडे पाहिलेही नाही.

दोघांनीही नकार दिला. पण दोन्ही नकार एक नाहीत. मामांनी पदार्थ नाकारला. काकांनी हात नाकारला. पहिला नकार मला मान्य आहे, दुसरा नाही. आपल्या तरुणांनी हा फरक करायला शिकले पाहिजे. नाहीतर आपण प्रत्येक न खाणाऱ्याला जातीयवादी ठरवू, किंवा प्रत्येक जातीयवाद्याला ‘त्याची आवड’ म्हणून सोडून देऊ. दोन्ही घातक. ओळखायची खूण सोपी आहे. वार पाळणारा माणूस पाण्याला नाही म्हणत नाही. जात पाळणाऱ्याला माठ दिसतो. महाडला तरी भांडण कशाचे होते? पाण्याचेच. सीलबंद बाटली ही आजची सुधारलेली, हसतमुख, कायद्याच्या कचाट्यात न सापडणारी अस्पृश्यता आहे. सभेत, लग्नात, प्रचाराच्या दौऱ्यात वस्तीत येणारे पुढारी बाटली हातात धरून का बसतात, ते एकदा बघून ठेवा.

काकांना मी काय म्हटले? एवढेच म्हटले, “काका, पुढच्या वेळी पोट बरं असेल तेव्हा या. आम्ही इथंच आहोत.” सगळ्यांसमोर म्हटले. मामी हसल्या नाहीत, पण त्यांनी काकूंच्या हातात माठातल्या पाण्याचा पेला दिला आणि काकू तो प्याल्या.

दोन आठवड्यांनी मामा हळद घेऊन मोंढ्यात आले होते. बुधवार होता. दुपारी न सांगता घरी आले. घरात अंबाडीची भाजी आणि भाकरी होती, तेच जेवले. उठताना म्हणाले, “त्या दिवशीचा रस्सा सोमवारामुळं हुकला.” त्या न सांगता येण्याला मी जयंतीच्या पंगतीपेक्षा जास्त किंमत देते. सणाला येणे हा कार्यक्रम असतो. आडवारी येऊन, आहे ते खाणे हा व्यवहार असतो. बेटीव्यवहार झाला आणि रोटीव्यवहार सणापुरताच राहिला, तर दिशा बदलली असे म्हणता येणार नाही.

आणि अजून ती पूर्ण बदललेली नाही. मे महिन्यात त्यांच्या गावी दर्ग्यावर कंदुरी होती. आमच्या भागात मराठ्यांची कंदुरी असते, बोकड मुलाणी कापतो, सगळे जेवतात, कोणाला काही बाधत नाही. बोलावणे मला आले. माझ्या आईबाबांना आले नाही. मी गेले नाही. मामींना फोनवर सांगितले की ज्या दिवशी माझ्या आईला बोलावणे येईल त्या दिवशी मी पहाटेच भाकरी थापायला येते. मामी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “गाव हाय, माय. मला टाइम दे.” मी वेळ दिला आहे. मुदत मात्र मनात धरून आहे.

माझ्या आईला आमच्या माठातले पाणी प्यालेले विहीबुवा दिसले, ही गोष्ट मी लहान मानत नाही. पण तिला त्यांच्या ओसरीवर, गावाच्या डोळ्यांदेखत, ताटावर बसवले जाईल तेव्हाच भाकरी दोन्ही दिशांनी जायला लागली असे म्हणेन. घराच्या चार भिंतींत समता पाळणे सोपे असते. गाव बघत असताना पाळणे अवघड असते, आणि जातीचे सगळे बळ ‘गाव काय म्हणेल’ यातच आहे.

म्हणून आंतरजातीय लग्न केलेल्या, किंवा करू बघणाऱ्या मित्रमैत्रिणींना चार गोष्टी सांगते. एक, ‘सगळ्यांना चालेल असं’ कोणी म्हटले की विचारा, सगळे म्हणजे कोण? दोन, आपले काय सोडायचे ते बाबासाहेबांच्या विचाराने ठरवा, पाहुण्यांच्या धाकाने नाही. तीन, जावयाला चुलीपाशी बसवा. फक्त सुनेने शिकायचे असेल तर तो संगम नाही, ती शरणागती आहे. चार, पातेली हवी तितकी वेगळी ठेवा, पण माठ एकच ठेवा, आणि कोण कुठले पाणी पितो यावर लक्ष ठेवा.

आणि चळवळीतल्या मोठ्यांना एक विनंती. अशा जोडप्यांच्या स्वागताचे फोटो टाका, जरूर टाका. पण वर्षभराने एखाद्या आडवारी, न सांगता, त्यांच्या घरी जेवायला जा. तिकडच्या मंडळींनाही बरोबर न्या. शेजारच्या मातंग, वडार, मुसलमान घरालाही हाक मारा. जातिअंताची परिषद भरवायला सभागृह लागते. याला दोन भाकरी जास्तीच्या थापाव्या लागतात, एवढेच.

जय भीम!